बाकीच्या तिसांचं काय? शारीरिक शिक्षणाची मानकं गाठू पाहणाऱ्या नव्या शिक्षकासाठी

आजचा तास संपला की एक करून बघा. शिट्टी खिशात टाका, सावलीला बसा आणि कोण काय करत होतं ते आठवा. आठ-दहा नावं पटकन येतील. चार-पाच खेळात तरबेज, दोन-तीन दंगेखोर, एखादा गुडघा फोडून घेतलेला. चाळीसच्या वर्गातले बाकीचे तीस? ते हजर होते, रांगेत होते, बहुतेक हसतही होते. पण चेंडू त्यांच्या हाताला किती वेळा लागला, हे तुम्हाला सांगता येणार नाही.

शारीरिक शिक्षणाची मानकं म्हणजे नेमके या तिसांबद्दल विचारलेले प्रश्न. हे मला फार उशिरा कळलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी आमच्या संघाने ढाल जिंकली होती आणि तपासणीच्या दिवशी मी ती टेबलावर मधोमध मांडून ठेवली होती. तपासणीला आलेल्या बाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं, छान म्हणाल्या आणि हजेरीपटावर बोट ठेवून सहावीतली कुठलीही पाच मुलं बोलावली. प्रत्येकाला चेंडू लांब फेकायला सांगितला. पाचातल्या तिघांनी उजव्या हाताने फेकताना उजवाच पाय पुढे टाकला. वर्षभर मी त्यांना खेळवलं होतं, शिकवलं मात्र नव्हतं.

आधी कागद वाचा, आणि क्रियापदं शोधा

तुमच्या शाळेला लागू असलेला मानकांचा कागद हातात घ्या. तो नीट न वाचता वर्षं काढलेले शिक्षक मी पाहिले आहेत, म्हणून हे सांगतोय. वाचताना चार गोष्टींची गल्लत होऊ देऊ नका. मानक सांगतं की मुलाला काय यायला हवं. अभ्यासक्रम सांगतो की ते कुठल्या क्रमाने शिकवायचं. चाचणी म्हणजे मोजपट्टी. आणि स्पर्धा ही चौथीच गोष्ट, तिचा मानकांशी संबंध असलाच तर दूरचा.

शब्दरचना जागोजागी वेगळी असली तरी बहुतेक कागदांमध्ये चार धागे सापडतात: शरीराला येणं, डोक्याला कळणं, इतरांशी नीट वागता येणं आणि आपणहून हलत राहावंसं वाटणं. भर कशावर द्यायचा, हे मात्र बदलत आलं आहे. अमेरिकेतल्या शिक्षकांची संघटना ‘शेप अमेरिका’ हिच्या २०१३ च्या आराखड्यात पाच मानकं होती आणि त्यातलं एक तंदुरुस्तीची पातळी राखण्याबद्दल होतं. २०२४ मध्ये त्यांची चार झाली आणि तंदुरुस्ती हे स्वतंत्र मानक उरलं नाही, तिच्याबद्दलची समज दुसऱ्या मानकात गेली. ‘आम्ही मुलांना पळवतो, मानक झालं’ हे म्हणणं म्हणूनच आता पुरत नाही.

कागदातल्या प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिलीने एकच प्रश्न लिहा: मला काय दिसलं म्हणजे हे झालं? ‘विद्यार्थी हालचालींची विविध कौशल्ये दाखवतो’ या वाक्याने मैदानावर काहीच करता येत नाही. ‘आधी एका, मग दुसऱ्या पायावर लंगडी घालतो, दहा पावलं, तोल न जाता’ याने येतं. ‘सहकार्याची भावना बाळगतो’ हे दिसत नाही. ‘गट पाडताना उरलेल्याला स्वतःहून बोलावतो’ हे दिसतं. ज्या ओळीसमोर दिसणारी कृती लिहिता येत नाही, ती ओळ शिकवताही येणार नाही आणि तपासताही.

सगळं एका सत्रात घ्यायला जाऊ नका. एका इयत्तेला एका सत्रात तीन-चार कृती पुष्कळ होतात.

तासातली खरी मिनिटं

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी: ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान ३ दिवस त्यात जोरकस हालचाल, तसंच स्नायू आणि हाडं बळकट करणारा व्यायाम असावा. आठवड्याला दोन तास मिळणाऱ्या शिक्षकाला हे एकट्याने पुरं करता येणार नाही, आणि ते अंगावर घेऊही नका. तुमच्या हातात आहे ते एवढंच, की मिळालेला तास उभं राहण्यात जाऊ नये. तासाचा निम्मा वेळ तरी मुलं मध्यम ते जोरकस हालचालीत असावीत, ही या क्षेत्रात बऱ्यापैकी रुळलेली कसोटी आहे.

मध्यम कशाला म्हणायचं आणि जोरकस कशाला, हे ओळखायला यंत्र लागत नाही. मुलाला बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, ही मध्यम हालचाल. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, ती जोरकस.

आता एकदा स्वतःचा तास मोजा. थॉम मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये तासाचं निरीक्षण करण्याची एक पद्धत मांडली. त्यात दहा सेकंद एका मुलाकडे बघायचं, पुढचे दहा सेकंद नोंद करायची: आडवा, बसलेला, उभा, चालतोय की जोरात हलतोय. मोकळा तास असलेल्या सहकाऱ्याला वही देऊन कडेला बसवा आणि दहा मिनिटं हे करायला सांगा. तीस खुणा मिळतील. माझ्या तासाच्या पहिल्या मोजणीत तीसपैकी अठरा ‘उभा’ होत्या. मी त्या तासाला ‘भरगच्च’ म्हणत असे.

उभं राहणं येतं कुठून? त्याचं उगमस्थान बहुतेक वेळा रिले शर्यत. हिशेब करून बघा. चाळीस मुलं, दहा-दहाच्या चार रांगा, प्रत्येकाची धाव पंधरा सेकंदांची. म्हणजे एका मुलाची पाळी दर दीडशे सेकंदांनी येते. दहा मिनिटांत त्याच्या वाट्याला चार धावा, एकूण एक मिनिट पळणं आणि नऊ मिनिटं उभं राहणं. तोच खेळ चार-चार जणांच्या दहा रांगांत घेतला तर दहा धावा, अडीच मिनिटं. दोघा-दोघांच्या जोड्या केल्या तर निम्मा वेळ पळणं. खेळ तोच, मैदान तेच, फक्त रांग कापली.

बाद होण्याचे खेळ याहून वाईट. ज्या मुलाला सरावाची सगळ्यात जास्त गरज, ते पहिल्या मिनिटात बाद होऊन कडेला बसतं आणि ज्याला काहीच शिकायचं उरलेलं नाही, ते शेवटपर्यंत खेळतं. खेळ आवडता असेल तर ठेवा, पण बाद झालेल्याने बाजूला दहा दोरीउड्या मारून परत आत यायचं, एवढा एक नियम घाला.

उरलेला वेळ सूचनांत जातो. सूचना तीन वाक्यांच्या वर गेली की मागच्या मुलांना ऐकू येणं थांबतं. सांगण्याऐवजी करून दाखवा, आणि साहित्य तास सुरू होण्याआधी मैदानावर मांडून ठेवा. हजेरी मुलं पळत असताना घ्या. यात फारसं सांगण्यासारखं नाही, सवयीचा भाग आहे.

एक कौशल्य, चार खुणा

आता मुख्य कामाकडे. कौशल्य ‘येतं’ आणि ‘येत नाही’ या दोन खान्यांत मोजलं की शिकवायला काहीच उरत नाही. ते दिसणाऱ्या खुणांमध्ये फोडावं लागतं. डेल उलरिक यांनी १९८५ मध्ये लहान मुलांच्या मूलभूत हालचाली तपासण्यासाठी जी चाचणी तयार केली, ती याच तत्त्वावर उभी आहे: चेंडू किती लांब गेला हे नाही, तर शरीर कसं हललं हे बघायचं.

डोक्यावरून चेंडू फेकण्याचंच घ्या. चार गोष्टी बघायच्या. फेकण्याआधी हात खाली-मागे जाऊन वळसा घेतो का? कंबर आणि खांदा वळून न फेकणारी बाजू लक्ष्याकडे येते का? फेकणाऱ्या हाताच्या विरुद्ध पाय पुढे पडतो का? चेंडू सुटल्यावर हात शरीरावरून पलीकडे जातो का?

अंतर का मोजायचं नाही? सहावीत एखादं मूल वयाच्या मानाने उंच, दणकट असतं. ते चुकीच्या पद्धतीनेही सगळ्यांपेक्षा लांब फेकतं. त्याच्या शेजारचं किरकोळ मूल चारही खुणा बरोबर करूनही निम्म्या अंतरावर फेकतं. अंतराला गुण दिले तर तुम्ही उंचीला गुण दिले.

नवा शिक्षक इथे एक हमखास चूक करतो: चारही दोष एकदम सांगतो. ‘वळ, पाय बदल, कोपर वर घे, हात पुढे सोड.’ मूल गोठून जातं. एका तासाला एकच खूण धरा. पावलाची खूण असेल तर त्या दिवशी फक्त पाऊल. जमिनीवर खडूने पावलाचा ठसा काढा आणि सांगा, ‘फेकताना हा पाय इथे पडला पाहिजे.’ चेंडू कुठेही जाऊ दे. पुढच्या तासाला खांदा. मग तिन्ही जोडायला छोटे शब्द द्या: ‘बाजू, पाऊल, फेक.’ मुलं ते स्वतःशी पुटपुटतात आणि एकमेकांना सुधारतातही. ‘बाजू नाही आली रे तुझी’ असं एक मूल दुसऱ्याला म्हणालं, की डोक्याला कळण्याचं आणि इतरांशी वागण्याचं, दोन्ही मानकांना हात लागला. त्यासाठी वेगळा तास लागत नाही.

झेलणं, लाथाडणं, टप्पे देणं, उडी मारून पायांवर नीट उतरणं, या सगळ्यांच्या तीन-चार खुणा अशाच लिहून काढता येतात. उतरण्याकडे विशेष लक्ष ठेवा. गुडघे वाकवून, दोन्ही पायांवर, आवाज न करता उतरता आलं तर पुढची कितीतरी दुखणी टळतात. ‘मांजरासारखं उतरा’ म्हटलं की पहिलीतल्या मुलांनाही कळतं.

मोठ्या वर्गांना नुसत्या कौशल्याचा कंटाळा येतो, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी १९८२ मध्ये उलट वाट सुचवली: आधी छोटा, सोपा केलेला खेळ द्या, मुलं अडली की थांबवून विचारा की जागा कुठे मोकळी होती, आणि मग त्या अडचणीला लागणारं कौशल्य शिकवा. तीनास तीन, लहान मैदान, मोठा चेंडू. आठवीच्या पुढे मी जवळजवळ असंच शिकवतो. लहान वर्गांत मात्र खुणांची वाट मला जास्त भरवशाची वाटते.

दहा मुलं एका तासाला

चाळीस मुलांची नोंद एका तासात करायला गेलात तर तास नोंदीतच संपेल. रोज दहा नावं ठरवा. उरलेले तीस नेहमीसारखे खेळतील, तुमची नजर त्या दहांवर. चार तासांत वर्ग पुरा होतो. वहीत प्रत्येक खुणेला एक घर, आणि चिन्हं तीनच: बरोबर, कधी कधी, अजून नाही. वाक्यं लिहू नका, पळत्या मैदानावर ती जमत नाहीत.

नावं हजेरीपटाच्या क्रमाने घ्या. नजर आपोआप चुणचुणीत मुलांकडे जाते, क्रम ती मागे खेचतो.

सत्राच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा, अशा दोन नोंदी झाल्या की तुमच्याकडे तपासणीला दाखवण्याजोगी खरी गोष्ट तयार झाली. जाड फायली, रंगीत फोटो, स्पर्धांची कात्रणं, हे सगळं बाजूला ठेवलं तरी चालेल. ‘सुरुवातीला पावलाची खूण एकोणीस जणांची बरोबर होती, आता तेहतीस जणांची आहे, उरलेले सात हे’ हे वाक्य ज्या शिक्षकाला वही उघडून दाखवता येतं, त्याला बाकी कशाची गरज पडत नाही.

तंदुरुस्तीच्या चाचण्या जपून

चाचण्या वाईट नाहीत, त्यांचा वापर बहुधा वाईट होतो. वीस मीटरची बीप टेस्टच बघा: वीस मीटर अंतरावरच्या दोन रेषांमध्ये ‘बीप’च्या ठेक्यावर ये-जा पळायचं, ठेका गाठता येईनासा झाला की थांबायचं. कॅनडातले ल्युक लेजे यांनी १९८० च्या दशकात ती रूढ केली. मुलांसाठीच्या त्यांच्या रूपात सुरुवातीचा वेग ताशी ८.५ किलोमीटर असतो, म्हणजे वीस मीटर जायला साधारण साडेआठ सेकंद, आणि दर मिनिटाला वेग ताशी अर्ध्या किलोमीटरने वाढतो. चाचणी म्हणून ती उत्तम आहे. पण जी सगळ्यांत आधी बाहेर पडते, ती मुलगी चाळीस जणांच्या देखत थांबते. तिला पुढच्या वर्षी त्या दिवशी पोटात दुखतं.

उपाय अवघड नाही. वर्गाचे दोन भाग करा: एक पळतो, दुसरा प्रत्येकी एका जोडीदाराच्या फेऱ्या मोजतो. थांबलेल्याने बसायचं नाही, बाजूच्या पट्टीवर चालत राहायचं. निकाल मोठ्याने वाचायचा नाही आणि भिंतीवर तर लावायचाच नाही. चाचणीआधी दोन-तीन वेळा सराव द्या, कारण पहिल्या खेपेला मुलं वेग कसा राखायचा हेच शिकत असतात. आणि दोन्ही वेळा तीच जमीन, दिवसाची साधारण तीच वेळ ठेवा. सकाळी गवतावर आणि दुपारी फरशीवर घेतलेल्या चाचण्यांची तुलना होत नाही.

मुलाची तुलना वर्गातल्या पहिल्याशी नको, ठरलेल्या आरोग्य-पातळीशी करा. अमेरिकेतल्या कूपर इन्स्टिट्यूटने १९८२ मध्ये सुरू केलेल्या ‘फिटनेसग्राम’ या शाळकरी मुलांच्या तंदुरुस्ती-चाचण्यांमध्ये हाच विचार पुढे आला: वय आणि लिंगानुसार एक निरोगी पट्टा ठरवलेला, मूल त्यात आहे की अजून यायचं आहे, एवढंच बघायचं. त्या पट्ट्यात सगळा वर्ग बसू शकतो. पहिल्या नंबरावर एकच जण बसतो.

चाचणीच्या आकड्यांवर गुण देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. वाढीच्या वयात पाय आधी लांबतात, धड मागून येतं. त्यामुळे बसून पुढे वाकण्याच्या चाचणीत गेल्या वर्षी बोटं टेकवणारं मूल या वर्षी मागे पडू शकतं, आणि त्यात त्याचा काडीचाही दोष नसतो. वजन-उंचीची नोंद करायचीच असेल तर पडद्याआड, एकेकाची, आणि आकडा तोंडातून बाहेर न काढता.

जे मूल कडेला बसतं

युनेस्कोने १९७८ मध्ये शारीरिक शिक्षण हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क असल्याची सनद स्वीकारली आणि २०१५ मध्ये ती नव्याने मांडली. ‘प्रत्येकाचा’ या शब्दाची परीक्षा मैदानाच्या कडेला होते. चिठ्ठी आणणारं, दम्याचा फवारा खिशात असणारं, चाकाच्या खुर्चीतलं, पाळीच्या दिवसांत गप्प बसणारी, आणि नुसतंच लाजणारं, अशी पाच-सहा मुलं तिथे रोज असतात.

प्रत्येकासाठी वेगळा तास आखणं शक्य नसतं. चार गोष्टींपैकी एक बदलून बघा: जागा, कृती, साहित्य, सोबती. मैदान लहान करा. पळत झेलण्याऐवजी उभं राहून झेलू द्या. कडक चेंडूऐवजी मऊ, मोठा, सावकाश येणारा द्या, कमी दिसणाऱ्यासाठी आवाज करणारा. जोडीदार बदला. बहुतेक वेळा एका बदलात काम होतं. मात्र ‘तू गुण लिही, तू शिट्टी वाजव’ हा बदल नव्हे, ती सोय आहे, आणि ती तुमची सोय आहे. डॉक्टरांनी ज्या हालचालीला मनाई केली असेल ती टाळा, पण चिठ्ठीत काय काय चालेल हेही विचारून घ्या. हात मोडलेल्या मुलाला पाय असतात.

दम्याच्या मुलाचा फवारा वर्गातल्या दप्तरात नको, मैदानावर हवा. अंग गरम करण्याचा वेळही त्याला थोडा जास्त द्या. एकूणच सुरुवातीला ताणून धरण्याच्या लांबलचक व्यायामापेक्षा हळू पळणं, गुडघे उचलणं, हात फिरवणं बरं. ताणण्याचे व्यायाम शेवटी घ्या. गोलपोस्ट जमिनीत घट्ट बसवलेले आहेत का, हे रोज स्वतः हलवून बघा.

आणखी एक. शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या मारायला लावू नका. ज्याला पळणं आवडावं असं तुमचं मानक सांगतं, त्याच पळण्याला तुम्ही दंड ठरवता.

तास वाचवणं

पाऊस, परीक्षा आणि पाहुणे, या तिघांपुढे सगळ्यात आधी पीटीचा तास जातो. पावसाचं उत्तर आधीच तयार ठेवा: बाकांमधल्या जागेत तोलाचे व्यायाम, भिंतीला टेकून बसणं, नाडी मोजायला शिकवणं, हृदयाचे ठोके उड्यांआधी आणि नंतर लिहून घेणं. हे शेवटचं तर खास पावसाळी दिवसाचंच काम आहे.

गणिताच्या बाई तास मागायला आल्या तर भांडू नका. वही उघडा आणि या आठवड्यात कुठल्या दहा मुलांची नोंद राहील ते दाखवा. ‘खेळाचा तास’ सहज मागता येतो, दहा नावं मागताना माणूस जरा थांबतो.

वर्ष संपलं की ती वही पुढच्या इयत्तेच्या शिक्षकाला द्या. पहिल्या पानावर विजेत्यांची यादी नको. ज्यांच्या घरांत अजून ‘अजून नाही’ आहे, त्यांची नावं लिहा आणि प्रत्येकासमोर कुठली खूण राहिली ते: एकाचं पाऊल, एकीचा खांदा, दोघांचं उतरणं.